कवठ्याच्या माळावरून नाओस

साताऱ्याला परतल्यापासून आळीतल्या बायका एकच विचारतात, "मिरजेला जाऊन काय काय पाहिलंत?" दवाखाना पाहिला म्हटलं की त्यांचं समाधान होत नाही, आणि तारा पाहिला म्हटलं की त्या एकमेकींकडे बघतात. तारा बघायला साताऱ्याचं आकाश काय कमी आहे, असं त्यांच्या मनात येत असणार. एकेकीला सगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढावं म्हणून बसले आहे. मला लिहिण्याची सवय नाही, तेव्हा सुचेल तसं लिहिते.

आमचे हे जन्मभर शाळेत शास्त्र शिकवत आले. तरुणपणी प्रयोग दाखवताना आम्ल उडालं आणि उजवा डोळा गेला. तेव्हापासून सगळा कारभार डाव्यावर. त्या एका डोळ्याने यांनी जेवढं आकाश पाहिलं तेवढं दोन डोळ्यांच्या माणसांनीही पाहिलं नसेल. दर उन्हाळ्याच्या तोंडाला मुलांना घेऊन अजिंक्यताऱ्यावर चढायचे आणि दक्षिणेकडे बोट करून विचारायचे, "नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्यांपैकी सगळ्यांत तापलेला तारा कोणता?" उत्तरही स्वतःच द्यायचे. नाओस. ग्रीक लोकांच्या आकाशातल्या नावेचा तारा. सूर्य त्याच्यापुढे कोमट म्हणायचा. सूर्यासारखे कितीतरी सूर्य एकत्र करावेत तेव्हा त्याच्या वजनाचा गोळा होईल. इतका लांब आहे म्हणून साधा दिसतो. व्याधाच्या जागी आणून ठेवला तर रात्री अंगणात आपल्या सावल्या पडतील. मी सोबत असायचे. डबा माझ्याकडे असायचा. "दिसला का गं?" म्हटलं की "दिसला" म्हणायचं आणि पोळीभाजी वाढायला घ्यायची, एवढाच माझा आणि नाओसचा संबंध.

मग डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. आधी वाचन गेलं, मग माणसांचे चेहरे गेले. मी समोर उभी राहिले तरी आवाज दिल्याशिवाय ओळख पटेना. लढाई संपली आणि गाड्यांची गर्दी जरा निवळली, तेव्हा मी ठरवलं, आता मिरज.

मिरज

दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि एक वळकटी एवढ्या सामानावर आम्ही मिरजेला उतरलो. दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत खोली मिळाली. मिरजेत आजारी माणूस घेऊन आलेल्याला कोणी परका समजत नाही. टांगेवाला सुद्धा "डोळा का पोट?" असं विचारून मगच दिशा धरतो.

डॉक्टरांनी बराच वेळ बत्तीने डोळा पाहिला आणि सरळ सांगितलं, "दोन डोळे असते तर मी निर्धास्त असतो. एकच आहे. चांगला होईल असं मला वाटतं, पण शब्द देत नाही."

हे म्हणाले, "ठीक आहे. करा."

परवाचा दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी जेवण झाल्यावर मला म्हणाले, "गच्चीवर जाऊ या."

धर्मशाळेच्या गच्चीवर लोकांच्या सतरंज्या वाळत होत्या. मी यांना कठड्याशी उभं केलं. म्हणाले, "व्याध सापडला?" तो मला येत होता. "खाली अगस्त्य?" तोही सापडला. "आता त्या दोघांना जोडणारी रेघ धर आणि डावीकडे ये. दोघांपासून साधारण सारखाच लांब."

मी शोधू लागले. तीस वर्षं "दिसला" म्हणत आले होते, पण खरं सांगायचं तर तो कोणता ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मध्यम तेजाचा, शांत. मी म्हटलं, "आहे."

"नक्की?"

"नक्की. खाली एक याहून मोठा आहे, पण तो अगस्त्याला जवळ पडतो."

यांनी मान वर केली. त्यांना काहीच दिसत नव्हतं हे मला माहीत होतं. थोड्या वेळाने म्हणाले, "उद्या काही कमीजास्त झालं, तर दर वर्षी तू बघायचास आणि मला सांगायचंस. एवढं करशील?"

मी हो म्हटलं. मग जिना उतरताना त्यांचा हात धरला तो खोलीत पोचेपर्यंत सोडला नाही.

शस्त्रक्रिया सुरळीत झाली. पुढचे दिवस कठीण. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. हलायचं नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही. शेजारच्या खाटेवर त्याच दिवशी शस्त्रक्रिया झालेले एक गृहस्थ होते, सांगलीजवळच्या एका गावचे बाळगोंडाअण्णा. हळदीचे व्यापारी, घरची बागायत, जातीने जैन. त्यांच्याही पट्ट्या, पिशव्या, सगळं तसंच, पण तोंड मात्र कोणी बांधलं नव्हतं.

"मास्तर," एका दुपारी ते छताकडे तोंड करून म्हणाले, "तुमी मला बघितलं न्हाई, मी तुमास्नी बघितलं न्हाई. उद्या पट्ट्या निघाल्यावर एकमेकास्नी वळकायचं कसं? मी सांगून ठिवतो. लय देखणा दिसंल त्यो मी."

हे हसले. चांगले पोटातून हसले. आणि लगेच "आई गं" म्हणून ताठ झाले.

सिस्टर धावत आल्या, डॉक्टर आले. पट्टी सोडली, तेव्हा आत थोडं रक्त आलेलं दिसलं. डॉक्टरांनी वाकून बत्तीने पाहिलं. पुन्हा पट्टी बांधून म्हणाले, "वाट पाहायची. आपोआप विरेलही."

त्या रात्री बाळगोंडाअण्णांच्या खाटेवरून शब्द आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यांच्या पत्नी पद्माक्का डबा घेऊन आल्या, तर अण्णा जेवेनात. "माझ्या तोंडापायी मास्तरांचा डोळा गेला तर मी काय तोंडानं जेवू?" म्हणाले. पद्माक्का माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला.

पुढच्या वेळी पट्टी सोडली तेव्हा डॉक्टरांनी यांच्यासमोर बोटं धरली. "किती?"

यांनी डोळा बारीक केला. मी पदर घट्ट धरून उभी.

"तीन," हे म्हणाले. "अंधुक आहेत, पण तीन."

पलीकडच्या खाटेवरून मोठा आवाज आला, "पद्मा, डबा आण गं!"

हळदीच्या गावात

चष्मा लगेच देत नाहीत. डोळा पुरता बरा होऊन स्थिरावेपर्यंत थांबावं लागतं. आम्ही साताऱ्याला जाऊन परत यायचं ठरवलं होतं. पण अण्णांनी ऐकलंच नाही. "एवढ्या लांब धुळीतनं जातायसा कशाला? आमच्या घरला चला. दोघं आंधळे एका सोप्यात बसू." पद्माक्का म्हणाल्या, "वैनी, तुमी आला तर मलाबी ह्यांच्या बडबडीला वाटेकरी मिळंल." मग गेलो.

हळद शिजवण्याचे दिवस होते. गावाभोवती जिथे पाहावं तिथे मोठ्या काहिली चढलेल्या, खाली पाचटाचा जाळ, वर वाफ. शिजलेली हळकुंडं अंगणभर वाळत पडलेली. दोन दिवसांत माझ्या पातळाची कड आणि पायांच्या टाचा पिवळ्या झाल्या. पद्माक्कांच्या घरात कांदालसूण नाही, बटाटा नाही. जमिनीखालचं खायचं नाही, असा नियम. मी खोडी काढून विचारलं, "मग हळद कुठे झाडावर लागते?" त्या जराही न गडबडता म्हणाल्या, "वाळल्यावर चालती." मी पहिल्या दिवशी मनात म्हटलं, लसणीवाचून आमटीला चव काय येणार? पण त्यांची हिंग-जिऱ्याची आमटी आणि गरम भाकरी अशी जमायची की मी रोज थोडं जास्तच जेवले.

त्यांच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवण. आमच्याकडे दिवेलागणीनंतर स्वयंपाकाची घाई सुरू होते. इथे त्या वेळी चूल सारवूनही झालेली असायची. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या संध्याकाळी मोकळ्या झाल्या. हे आणि अण्णा डोळ्यांवर हिरव्या कापडाची झापडं लावून घराच्या पुढच्या सोप्यात बसायचे आणि हे अण्णांना आकाश समजावून सांगायचे. नाओसबद्दल मात्र एवढंच सांगितलं की तो फार मोठा आणि फार तापलेला आहे. अण्णांनी विचारलं, "आमच्या काहिलीपेक्षा?" हे म्हणाले, "तुमची काहीलच काय, सूर्य टाकला तरी तो विरघळून जाईल." अण्णा विचारात पडले आणि म्हणाले, "त्येला पाचट किती लागत असंल!"

पण गावातून दक्षिण दिसत नव्हती. काहिलींचा धूर संध्याकाळी उसाच्या शेंड्यांवर बसून राहायचा. अण्णांना एकदम आठवण झाली. "आमचे दोस्त सुभेदार हायत की, कवठे महांकाळाकडं. पेन्शनीत आल्यात. त्यांच्या माळावर झाड न्हाई की झुडूप न्हाई. चष्मे मिळालं की थेट तिकडं."

चष्मे

अमावास्येच्या अलीकडे दोन दिवस आम्ही चौघं पुन्हा मिरजेला आलो. चष्म्याची काच एवढी जाड की तिच्यातून यांचा डोळा बैलाच्या डोळ्याएवढा दिसू लागला. यांनी चष्मा चढवला, दाराकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे वळले. बराच वेळ बघत राहिले.

"अगं," म्हणाले, "तुझे केस केव्हा पिकले?"

सिस्टर हसल्या. मला हसू आलं आणि डोळ्यांना पाणीही आलं. मी म्हटलं, "तुम्ही बघत नव्हता तेव्हा."

नव्या चष्म्यातून सगळं जवळ आणि मोठं दिसतं. त्यामुळे दोघंही पाऊल ठेवताना गुडघा पार वर उचलायचे. मिरजेच्या भर रस्त्यात दोन वयस्क माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून कोंबड्यासारखी चालताहेत, आणि मागून आम्ही दोघी तोंडाला पदर लावून, असा देखावा होता. चहाच्या दुकानात यांनी कपाला हात घातला तो अलीकडेच मिटला. अण्णांनी त्यांना दाखवायला म्हणून ऐटीत हात पुढे केला आणि बशीच पालथी घातली.

कवठ्याचा माळ

कवठ्याची मोटार कोळशावर चालणारी. पेट्रोल अजून मिळत नाही. मागच्या बाजूला भट्टी, आणि चढ आला की सगळ्यांनी खाली उतरून चालायचं. पद्माक्का म्हणाल्या, "भाडं बसायचं घेत्यात आणि चालवत्यात." पण चालताना बरं वाटलं. ऊस मागे पडला, हळद मागे पडली. शाळू काढून मोकळी झालेली रानं, बाभळी, मेंढरांचे कळप, आणि आभाळ एकाएकी दुप्पट झालं.

सुभेदार छकडा घेऊन आले होते. उंच, ताठ, पांढऱ्या मिशा. घरी पोचल्यावर त्यांच्या पत्नीने पाय धुवायला तांब्याभर पाणी दिलं. साताऱ्यात आम्ही पायावर बादली ओततो. इथे त्या तांब्याकडे बघून मी बोटं तेवढी भिजवली. पाणी कुठून येतं ते वाटेत डोक्यावर घागरी घेतलेल्या बायका पाहिल्यावर कळलं होतं. जेवायला हुलग्याचं माडगं, भाकरी आणि खरडा. अण्णा-पद्माक्कांसाठी वेगळी चूल मांडून उन्हं असतानाच वाढलं. कोणी त्याचा बोभाटा केला नाही.

अंधार पडल्यावर घरामागच्या माळावर घोंगड्या अंथरल्या. चंद्र नव्हता. दक्षिणेला क्षितिजापर्यंत अडवणारं काही नाही. व्याध, अगस्त्य, सगळं आभाळ धुऊन काढल्यासारखं. मी नाओस आधीच शोधून ठेवला होता. तो बरोबर समोर आला होता.

हे मात्र मान खाली घालून बसले होते. चष्मा काढायचे, धोतराच्या सोग्याने पुसायचे, परत लावायचे. मी हळूच म्हटलं, "समोर आहे. बघा ना."

"बघतो. घाई काय आहे?"

त्यांना भीती वाटत होती. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते. चष्म्यातून चेहरे दिसले, भिंती दिसल्या. पण तारा दिसला नाही तर?

मग त्यांनी मान वर केली आणि ते अगदी स्तब्ध झाले. मला वाटलं, नाही दिसला. एवढ्यात ते म्हणाले, "सुभेदार, व्याध आणि अगस्त्याच्या डाव्या अंगाला जो तारा आहे, त्याचा रंग काय?"

"पांढरा," सुभेदार म्हणाले.

"तुला काय दिसतो?"

"पांढराच," मी म्हटलं.

"अण्णा, आता तुम्ही सांगा. मी काही बोलणार नाही. नीट बघून सांगा."

अण्णांनी दोन्ही हातांनी चष्मा धरला. "त्यो व्हय? त्यो तर निळा हाय की. निळा म्हंजे, जांभळाकडं झुकलेला. जांभूळ खाल्ल्यावर जीभ हुती न्हवं का, तसा."

हे एकदम उठून उभे राहिले. पुढे पाऊल टाकलं ते अंदाज चुकून, आणि धडपडून परत घोंगडीवर बसले. पण त्याचं त्यांना भान नव्हतं. "तसाच!" म्हणाले. "अगदी तसाच! मला वाटलं माझाच डोळा बिघडला. पूर्वी मला तो पांढरा, फार तर किंचित निळसर दिसायचा. हा रंग मी कधी पाहिलेला नाही. कधीच नाही."

सुभेदारांना हे पटेना. "आवं मास्तर, मी पल्टनीत निशाणबाज व्हतो. माझी नजर अजून फस्क्लास हाय. तुमी दोघं परवा पट्ट्या सोडलेली माणसं, आणि मला दिसंना ते तुमास्नी दिसतंय?" ते उभे राहिले, डोळे चोळले, हाताचा आडोसा केला, माळावर पुढे दहा-वीस पावलं जाऊन आले. "पांढरा. शंभर टक्के पांढरा." शेवटी रागावून त्यांनी घरातून मुलाला हाक मारली, त्यालाही विचारलं. तोही म्हणाला पांढरा. पद्माक्का म्हणाल्या पांढरा. सुभेदारीणबाई म्हणाल्या, "मला तर कंचा त्येच कळंना."

मी यांचा चष्मा मागून घेतला आणि लावून पाहिला. सगळं आभाळ ताकासारखं घुसळलेलं. चष्म्यात काही नव्हतं. जे होतं ते यांच्या डोळ्यातच होतं.

"कसा आहे, सांगा ना मला," मी म्हटलं. त्या दिवशी मला तो रंग खरंच बघायचा होता. कोणा ताऱ्याबद्दल मला आयुष्यात प्रथमच असं वाटलं.

यांनी बराच प्रयत्न केला. जांभूळ म्हणाले, गोकर्णाचं फूल म्हणाले, लोहाराच्या भात्यापाशी मध्येच दिसणारी ज्योत म्हणाले. मग म्हणाले, "नाही जमत. शब्दच नाही आपल्याकडे." आणि पुन्हा वर बघत राहिले. अण्णा पण बघत राहिले. सुभेदार थोडे दूर, पाठ फिरवून बसले होते. थोड्या वेळाने तेही जवळ येऊन बसले आणि म्हणाले, "सांगा मास्तर, आणि कंच्या कंच्या ताऱ्याचा रंग बदललाय?" मग त्या तिघांची परीक्षा सुरू झाली. रोहिणी, व्याध, मघा. आम्ही बायका उठलो, कारण सकाळी लवकर निघायचं होतं. झोप लागेपर्यंत मला बाहेरून सुभेदारांचा आवाज येत होता, "पांढरा!" आणि अण्णांचा, "निळा!"

परतताना

मिरजेला डोळा दाखवायला पुन्हा थांबलो. यांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते हसतील. पण ते खुर्ची ओढून बसले.

"आणखीही काही रोग्यांनी मला असं सांगितलं आहे," ते म्हणाले. "डोळ्यात जे भिंग असतं, ते जांभळ्याच्या पलीकडचे किरण अडवतं. म्हातारपणी पिवळं पडतं, तेव्हा तर निळंही अडवतं. आम्ही तुमचं भिंग काढून टाकलं. आता ते किरण आत येतात. तुमचा तारा फार तापलेला आहे म्हणता, म्हणजे त्याचा प्रकाश जास्त करून तिकडचाच असणार. त्यातला एक कण तुम्हांला दिसतो. आम्हांला नाही दिसायचा."

हे इतके खूश झाले की डॉक्टरांना नमस्कार करताना पुन्हा अंदाज चुकला आणि टेबलावरची दौत हलली. अण्णा म्हणाले, "म्हंजे सुभेदार हारलं!" मग आमचा निरोप घ्यायची वेळ आली. अण्णा यांचे दोन्ही हात हातात घेऊन उभे राहिले. पद्माक्कांनी हळकुंडांची पिशवी माझ्या वळकटीत खुपसली आणि पाडव्याला पुरणात घाला म्हणून बजावलं.

निघता निघता यांना काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "डॉक्टर, आलोच आहोत तर हिचेही डोळे बघा. हल्ली सुईत दोरा ओवताना कुरकुर करते."

डॉक्टरांनी बत्ती लावून एक डोळा पाहिला, मग दुसरा पाहिला. बत्ती खाली ठेवून म्हणाले, "बाई, घाबरू नका हं. दोन्हीकडे मोतीबिंदूची सुरुवात आहे. अगदी बारीक. काढण्याजोगा व्हायला सात-आठ वर्षं लागतील."

यांचा चेहरा पडला. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "काळजी करू नकोस. मी आहे ना."

मी कसली काळजी करते! डॉक्टरांना म्हटलं, "सात-आठ वर्षं म्हणता? त्याहून लवकर नाही का व्हायचा?"